सगळे चौकोन हिरवे

‘एक लक्षात ठेव, सगळ्यांना एकाच पाटीवर लिहायला बसवू नकोस,’ असं आजोबांनी तिला बजावलं होतं. ती ‘हो हो’ म्हणाली होती. पण मूल कडेवर, दूध गॅसवर आणि नवरा मोजे कुठे आहेत म्हणून विचारतोय, अशा वेळी तोंडातून जे ‘हो हो’ निघतं, तसलं ते होतं. कानावर पडलं, आत शिरलं नाही.

आजोबा म्हणजे काही तिचे आजोबा नव्हेत. ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. पन्नाशीसुद्धा अजून गाठायची होती, पण ऑफिसातला सगळ्यात जुना कोड त्यांच्या हातचा, म्हणून हे नाव पडलं आणि त्यांनीही ते कुरकुर न करता घालून घेतलं. सूचना देणं हा त्यांचा स्वभाव होता. चहा गरम आहे, जपून. लिफ्ट मध्येच अडकते, फोन चार्ज ठेव. त्या खुर्चीचं चाक निखळलंय, टेकू नकोस. पंख्याची घरघर जशी सतत चालू असल्यामुळेच ऐकू येईनाशी होते, तसं त्यांच्या सूचनांचं झालं होतं.

खरं तर काळजी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची पिलू दीड वर्षाची. रात्री पिलू गाढ झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, बोटाला श्वास लागतोय ना. लागायचा. मग दुसऱ्या हाताचं बोट धरून बघायची. बाळंतपणाची लांबवलेली रजा संपून ती ऑफिसात परत आल्यापासून नवऱ्याने घरून काम करायचं ठरवलं होतं आणि दिवसभर तिचे फोन झेलायचं दुसरं कामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

‘काय करतेय?’

‘खेळतेय. आता शिंकली.’

‘शिंकली? कशी शिंकली?’

‘नाकाने.’

‘चेष्टा करू नकोस. एकदा की सारखी?’

‘एकदाच गं. थांब, पुढच्या वेळी रेकॉर्ड करून पाठवतो.’

अशी ही बाई, आणि नेमकी एवढी एक सूचना तिने वाऱ्यावर सोडली. त्याला कारण होतं. तिचं सगळं लक्ष दुसऱ्याच एका धोक्यावर खिळलेलं होतं.

त्यांची कंपनी एकट्या राहणाऱ्या माणसांची खबर ठेवायची. प्रत्येकाच्या घरी एक छोटीशी डबी, तिच्यावर एकच बटण. सकाळी उठलं की ते दाबायचं, म्हणजे ‘मी ठीक आहे’. ऑफिसात फोनच्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर प्रत्येक माणसाचा एक चौकोन. पहाटे सगळे चौकोन पिवळे. बटण दाबलं की तो चौकोन हिरवा. ठरलेली वेळ टळून गेली आणि बटण दाबलं गेलं नाही, की लाल. लाल झाला की फोनवरची मुलगी त्या माणसाला फोन लावायची आणि तो बोलला की चौकोन स्वतः हिरवा करायची. फोन उचलला नाही, तर ज्याच्याकडे घराची किल्ली असेल त्याला धाडायचं. साधा सरळ बेत.

हा पडदा आजोबांनी फार पूर्वी जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. त्यातला एकेक दिसणारा तुकडा, म्हणजे चौकोन, बटण, यादी, याला म्हणायचं कंपोनंट; आणि त्या तुकड्यांना लागणारी माहिती मागे जिथे साठवलेली असते ते स्टोअर. चौकोनाचं तोंड पडद्यावर, पोट स्टोअरमध्ये. हे सगळं ज्या जुन्या पद्धतीने लिहिलेलं होतं ती आता मोडीत निघाली होती. ज्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संचाच्या, आधारावर पडदा उभा होता, तिच्या नव्या आवृत्तीला जुनी बोली कळेनाशी होणार होती. तेव्हा सगळे कंपोनंट आणि सगळी स्टोअर्स उचलून क्लासच्या, म्हणजे नव्या साच्याच्या, रूपात लिहायची, हे काम रजेवरून आल्या आल्या तिच्या वाट्याला आलं. तिने ते मागूनच घेतलं म्हणा ना. रजेवरून आलेल्या बाईला सोपी कामं देतात, आणि सोपी कामं देताना जे हसतात ते तिला नको होतं.

काम म्हणजे जुन्या घरातलं सामान नव्या घरात लावण्यासारखं. सामान तेच, खोल्या वेगळ्या. जुन्या पद्धतीत फंक्शनला, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, आपण कोणाचं आहोत हे आपोआप माहीत असायचं. क्लासमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक फंक्शन त्याच्या मालकाशी हाताने बांधून द्यावं लागतं. नाहीतर बटण दाबलं की फंक्शन धावतं खरं, पण गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोरासारखं ‘मी कोणाचा, मी कोणाचा’ करत उभं राहतं. हात सुटलेलं पोर! मग ती हात धुऊन त्या एकाच गोष्टीच्या मागे लागली. एकेक फाईल उघडून एकेक फंक्शन बांधलं, बांधलेलं ओढून पाहिलं, घरी जाताना बसमध्ये आठवून आठवून पुन्हा मोजलं. एकही सुटं राहिलं नव्हतं.

आणि हे करता करता तिच्या नीटनेटक्या डोळ्याला दुसरं काहीतरी खुपलं. जुन्या प्रत्येक स्टोअरमध्ये सुरुवातीला एक चिमुकलं फंक्शन होतं. कोणी माणूस पडद्यावर आला की त्याच्या नावाने ते एक कोरी पाटी तयार करून द्यायचं; पाटीवर एवढंच, की अजून बटण दाबलेलं नाही. जिथे बघावं तिथे हेच, शब्दाला शब्द. एकाच घरात डझनभर लाटणी असावीत तसं तिला ते वाटलं. तिने ती सुरुवातीची पाटी एकदाच, वर एका जागी लिहिली आणि प्रत्येक क्लासला सांगितलं, सुरुवात करताना ही घ्या. किती ओळी गळाल्या! फाईली कशा सुटसुटीत, चापूनचोपून बसल्या. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तपासायला तिने पडद्यावर एकच माणूस घेतलं. तेही परकं कशाला, आपली मावशीच. मावशी खरोखरच कंपनीची गिऱ्हाईक होती. हिनेच तिच्या मागे लागून डबी बसवून घेतली होती. पडद्यावर मावशीचा चौकोन पिवळा. नकली बटण दाबलं, हिरवा. वेळ पुढे ढकलली, लाल. पुन्हा दाबलं, हिरवा. झकास.

आजोबांनी ते सगळे बदल पाहिले. पाहिले म्हणजे पहिल्या काही फाईली भिंग लावल्यासारख्या पाहिल्या, पुढच्या चष्म्यातून आणि शेवटच्या चष्म्यावरून. तिचं बांधकाम पाहून ते खूश झाले. ‘एकही दोरी सुटी नाही! बायकोला दाखवलं पाहिजे, ती म्हणते आमच्या घरात एक गोष्ट जागेवर नसते,’ असं म्हणत त्यांनी मंजुरीचं बटण दाबलं. दुपारी नवा पडदा चालू झाला. तोवर सकाळची वेळ टळून गेलेली, सगळे चौकोन आधीच हिरवे होऊन बसलेले. भिंतीवर हिरवळ पसरली होती. तिने मोकळा श्वास घेतला, घरी गेली, पिलूला पोटाशी घेऊन आडवी झाली आणि तिच्याआधी झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा आकाश स्वच्छ होतं, लिफ्ट चालू होती आणि मेलबॉक्समध्ये एकही तक्रार नव्हती. ती जुन्या फाईली पुसून टाकायच्या तयारीला लागली. सकाळ अर्धी सरली असेल, तोच मैना दोन कप चहा घेऊन तिच्या टेबलाशी आली.

मैना म्हणजे फोनच्या खोलीतली मुलगी. दिवसभर बोलायची आणि पगार त्याचाच मिळायचा, म्हणून हे नाव.

‘घ्या ताई, चहा. आज मी पाजते. काय पायगुणाचं सॉफ्टवेअर आहे हो तुमचं!’

‘का गं, काय झालं?’

‘काहीच नाही झालं, तेच तर! मी येऊन बसले तर भिंत अख्खी हिरवी. एक पिवळा नाही, एक लाल नाही. आज कोणाला एक फोन लावावा लागला नाही मला. सकाळपासून बसून नखं रंगवली.’ तिने दहा बोटं पसरून दाखवली. ‘नाहीतर रोज पाच-सहा जणांना तरी उठवावं लागतं. कोणी विसरतं, कोणी रुसतं, कोणाला बटणच सापडत नाही.’

तिला इतकं बरं वाटलं. रजेवरून आलेली बाई, म्हणे! चहाचा पहिला घोट घशाखाली उतरला तो अमृतासारखा.

‘आणि गंमत सांगू?’ मैना म्हणाली. ‘आज तुमच्या मावशीसुद्धा आपल्या आपण हिरव्या.’

कप ओठाशी होता तिथेच राहिला.

मावशी? मावशीने बटण दाबलं?

मावशीने डबी आल्यापासून आजतागायत बटण दाबलेलं नव्हतं. सगळ्या घराने समजावून झालं होतं. ‘त्या डबड्याला मी का म्हणून हजेरी देऊ? मी काय शाळेत आहे?’ हे तिचं ठरलेलं उत्तर. मग रोज तिचा चौकोन लाल व्हायचा, रोज मैना फोन लावायची, रोज मावशी पहिल्या रिंगला उचलून ‘आहे गं बाई, आहे अजून’ म्हणायची आणि वर तिच्याशी दहा मिनिटं हुज्जत घालायची. ऑफिसात सगळ्यांना हे पाठ होतं. मावशीचा हट्ट म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

‘तू फोन केलास तिला?’

‘हिरव्याला कशाला फोन करू ताई? नियमच आहे ना, हिरव्याला त्रास द्यायचा नाही.’

ती उठली तशी खुर्ची मागे घरंगळत जाऊन भिंतीवर आपटली. फोनच्या खोलीत भिंत खरंच हिरवीगार होती, एखाद्या जाहिरातीसारखी. तिने मावशीच्या चौकोनावर बोट ठेवलं. बटण कधी दाबलं ती वेळ उघडली. शेजारच्या चौकोनावर ठेवलं. तीच वेळ. त्याच्या खालच्यावर. तीच. कोपऱ्यातल्या. तीच. मिनिटच काय, सेकंदाचाही फरक नाही.

‘अगंबाई,’ मैना म्हणाली, ‘सगळ्यांनी मिळून एकदम दाबलं?’

तिला कळायला क्षणही लागला नाही. ‘ही घ्या’ असं तिने सगळ्या क्लासना सांगितलं होतं आणि संगणकाने आज्ञाधारकपणे सगळ्यांच्या हातात ती पाटी दिली होती. तशी एकेक नव्हे. ती एकच, सगळ्यांनी मिळून धरलेली. पहाटे कोणीतरी लवकर उठणाऱ्याने बटण दाबलं, पाटीवर ‘ठीक आहे’ उमटलं, आणि ज्यांनी ज्यांनी ती पाटी धरली होती ते सगळे त्या क्षणी ठीक झाले. झोपलेले ठीक, आजारी ठीक, पडलेले ठीक. एकच माणूस घेऊन तपासलं तर हे दिसणार कसं? एकट्याची पाटी एकट्याचीच असते.

‘आजोबा!’ अशी हाक तिने ऑफिसात याआधी कधी मारली नव्हती. आजोबा हातातलं बिस्किट तसंच धरून धावत आले. तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी बिस्किट मैनाच्या टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि जुना पडदा परत चढवायला बसले. ‘सर्व्हरवर कोणी खरंच दाबलं ते बरोबर नोंदलेलं असणार,’ ते पुटपुटले, ‘चूक फक्त दाखवण्यात आहे. जुनं वर चढलं की खरं दिसेल. मैना, फोन हातात घे.’

पडदा क्षणभर काळा झाला. मग उजळला. हिरव्या भिंतीवर मधूनमधून लाल चौकोन उमटले, गोवर उठावी तसे. वेळ केव्हाच टळून गेलेली होती. त्यातला एक मावशीचा.

तिने स्वतःच्या फोनवरून मावशीला लावला. रिंग वाजत राहिली. पहिल्या रिंगला उचलणारी मावशी. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला.

‘उचलत नाहीये,’ ती म्हणाली. मावशीच्या घराची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. दूध पाजताना बांधायचं जुनं लाळेरं, पिलूचा एक मोजा, औषधाचं ड्रॉपर, सगळं बाहेर आलं आणि शेवटी किल्ली.

‘तू जा,’ आजोबा मान न वळवता म्हणाले. ‘बाकीच्यांना आम्ही दोघं लावतो. जिना बघून उतर.’

टॅक्सीत बसल्यावर तिने नवऱ्याला फोन केला. ‘पिलू बरी आहे ना?’ असं विचारणार होती, पण तोंडातून निघालं, ‘मावशी फोन उचलत नाहीये. माझ्यामुळे.’

नवऱ्याने चेष्टा केली नाही. ‘तिची शुगर एकदम उतरते ना गं,’ एवढंच म्हणाला.

‘हो.’

‘पर्समध्ये काही गोड आहे?’

‘पिलूची बिस्किटं आहेत.’

‘बास झालं. पोचल्यावर फोन कर. आणि ऐक, पिलू मजेत आहे. तू आत्ता तिचा विचार करू नकोस.’

रस्त्यातला प्रत्येक सिग्नल तिला आपल्यावर डूख धरून बसल्यासारखा वाटत होता. मनात नाही नाही ते येत होतं. न्हाणीघराची ओली फरशी. पलंगाच्या कडेवरून लोंबणारा हात. मावशीने तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. आई कामावर गेली की डबा भरायची ती मावशीच, वेणी घालायची तीही मावशीच, आणि इतकी घट्ट घालायची की भुवया वर चढायच्या. ती वेणी आठवली आणि तिचे डोळे भरून आले.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायची. आजोबांनी सांगितलेलं विसरून ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली. बेल वाजवली. आत सामसूम. किल्ली कुलपात जाईना. कशीबशी फिरली.

‘मावशी?’

पुढच्या खोलीत टेबलावर फोन पडलेला, त्याच्यावर हिच्या फोनांची रांग. शेजारी डबी. स्वयंपाकघरात कढईवर झाकण, बंद गॅसवर चहाचं पाणी तसंच. पलंगावर कोणी नाही. न्हाणीघर कोरडं. तिने मागच्या खोलीचं दार ढकललं आणि बाल्कनीच्या काचेपलीकडे तिला मावशी दिसली.

मावशी उलट्या बादलीवर बसली होती. डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, चेहरा लालबुंद. तिने वर पाहिलं, काचेवर बोटाने टकटक केलं आणि आतल्या कडीकडे बोट दाखवलं. दार वाऱ्याने आपटलं होतं आणि आतली कडी आपली आपण खाली पडून बसली होती.

तिने कडी उचलली आणि मावशीला मिठीच मारली.

‘सोड, सोड, आधी पाणी दे,’ मावशी म्हणाली. ‘आणि त्यात साखर घाल. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत.’

साखरेचं पाणी, मग पिलूची बिस्किटं, मग आणखी पाणी. मावशीला पलंगावर टेकवून तिने उशी लावली, पंखा लावला, कपाळाला हात लावला, मनगट धरून नाडी पाहिली आणि सवयीने नाकाखाली बोट धरलं.

‘हे काय?’ मावशी म्हणाली. ‘जिवंत आहे मी, बोलतेय तुझ्याशी!’

तेव्हा तिला हसू फुटलं आणि हसता हसता हुंदका. दोन्ही एकदम आलं, कोणतं आधी आवरावं कळेना. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हात गरम होता, उन्हाने तापलेला, पण थरथरत नव्हता.

‘ओरडायचं ना गं मावशी!’

‘ओरडले की. मागे ती गोदामाची भिंत आणि आतली यंत्रं. कोणाच्या बापाला ऐकू जातंय? पण मी काही घाबरले नव्हते हं सुरुवातीला. म्हटलं, मी बटण दाबलेलं नाही. म्हणजे त्या मैनेचा फोन येणार. मी उचलणार नाही. मग ती कोणाला तरी पाठवणार, म्हणजे तुलाच. बसले निवांत, कपड्यांच्या घड्या घालत. दोनदा घातल्या. फोनची वेळ झाली, कान टवकारले. फोनच नाही! अजून थोडा वेळ गेला. नाहीच! तेव्हा मात्र घाबरले. म्हटलं, एवढा कधी चुकत नाही, आज काय झालं?’

लपवण्यात अर्थ नव्हता. तिने सांगितलं. पाटीचं सगळं, मावशीला कळेल असं.

मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. ‘म्हणजे दुसऱ्याच कोणीतरी बटण दाबलं आणि मी ठीक झाले?’

‘हो.’

‘कोण तो मेला? त्याला सांग, स्वतःपुरतं बघ.’

‘त्याची चूक नाही गं. माझी आहे.’

‘तुझी आहे ते कळलं मला,’ मावशी म्हणाली. ‘पण तुला आत्ता रागावले तर तू अजून रडशील आणि मला उठून तुलाच पाणी द्यावं लागेल. ते बिस्किट दे इकडे.’

टेबलावरचा फोन वाजला. मावशी उठू लागली, तिला दाबून धरून हिने फोन आणून दिला. मैना होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

‘मावशी! आहात ना? अहो, बोला ना काहीतरी!’

‘आहे गं बाई, आहे अजून,’ मावशी म्हणाली, आणि पलीकडे मैना चक्क रडायला लागली. मग मावशी तिची समजूत घालत बसली. मधेच फोन हिच्या हातात आला.

‘ताई, सगळे सापडले!’ मैना नाक ओढत म्हणाली. ‘एक जण विसरले होते. एका आजींचा चष्मा सापडत नव्हता, तो डोक्यावरच होता. एक काका मला म्हणाले, एवढ्या उशिरा आठवण झाली का, आणि फोन आपटला. म्हणजे तेही बरे आहेत. थांबा, आजोबांना देते.’

‘मावशी कशा आहेत?’ आजोबा म्हणाले.

‘बिस्किटं खातेय.’

पलीकडून इतका मोठा सुस्कारा आला की फोनच्या जाळीत वारा घुमल्यासारखा वाटला. ‘आजोबा, तुम्ही मला सांगितलं होतं,’ ती म्हणाली.

‘मी दिवसाला चाळीस गोष्टी सांगतो. त्यातली कोणती कामाची हे मलाच कुठे माहीत असतं? आणि सांगून मग मीच मंजूर केलं ना. शेवटच्या फाईली मी वाचल्याच नाहीत गं, नुसत्या सरकवल्या. दोघांनी मिळून केलंय, दोघांनी मिळून निस्तरू. आज घरी जा. उद्या ये, प्रत्येकाला आपापली पाटी देऊ आणि या वेळी गर्दी घेऊन तपासू.’

तिने नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘सुटलो,’ आणि मग पिलूला फोनवर दिलं. पिलू मावशीला काहीतरी लांबलचक सांगत होती, ज्यातला एकही शब्द कोणाला कळला नाही आणि मावशी प्रत्येक वाक्याला ‘हो का? मग?’ म्हणत होती.

दुपारभर ती मावशीपाशी थांबली. कपाटातून पक्कड काढून बाल्कनीच्या दाराची ती कडीच उखडून टाकली. वरण-भाताचा कुकर लावला. आता अंगातून सगळी भीती उतरून गेली होती. ताटं वाढताना तिने सहज विचारलं, ‘मावशी, एक बटण दाबायला तुझं काय जातं गं?’

मावशीने भात कालवला. बराच वेळ कालवला.

‘दाबलं की मी हिरवी होणार,’ ती म्हणाली. ‘हिरवीला कोण फोन करतंय?’

ती वाढता वाढता थांबली. मग मावशीच्या पानात आणखी थोडं वरण वाढलं, तेवढंच.

पुढच्या आठवड्यात कोड दुरुस्त झाला. प्रत्येक क्लास आता उघडतानाच आपली नवी पाटी आपण तयार करतो. गळालेल्या ओळींपैकी बऱ्याच परत आल्या आणि त्या तिला खुपल्या नाहीत. तपासायला तिने अख्खी भिंतभर माणसं घेतली, एकाने दाबलं की एकच हिरवा होतो हे बघितलं, मग आजोबांना शेजारी बसवून शेवटच्या फाईलीपासून उलटं वाचायला लावलं. पडदा चालू झाला, आणि सकाळी मावशीचा चौकोन मुकाट्याने लाल झाला तेव्हा फोनच्या खोलीत टाळ्या पडल्या. लाल रंग बघून एवढं हायसं याआधी कोणाला वाटलं नसेल.

नियमही एक बदलला. हिरव्याला त्रास द्यायचा नाही, हे मैनाने स्वतःहून खोडलं. आता ती मोकळा वेळ मिळेल तसे हिरव्यांनाही फोन लावते. पहिल्याच दिवशी एका बाईने विचारलं, ‘माझं बटण बिघडलं का?’ मैना म्हणाली, ‘नाही हो, असंच.’ मग ती बाई म्हणाली, ‘असंच? बरं, थांब हं, गॅस बंद करून येते,’ आणि परत येऊन कितीतरी वेळ बोलत राहिली.

ही हकीगत जो कोणी वाचेल त्याच्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या माहितीत असं एक माणूस असेल जे कधी तक्रार करत नाही, ज्याचं उत्तर नेहमी ‘मजेत’ असं येतं, आणि म्हणूनच ज्याला फोन करायचा राहून जातो. मावशी असेल, जुने शेजारी असतील, कधीकाळचे बॉस असतील. आज त्यांना फोन लावा. मेसेज पाठवून त्याखाली अंगठा येण्याची वाट बघू नका. आवाज ऐका. उचलला नाही, तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा आणि जाऊन या.